रहदारीचा हिशोब

ब्रिटनमध्ये विजेवर चालणाऱ्या मोटारींवर मैलागणिक कर येतोय. २६ नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात तिथल्या अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी तो जाहीर केला. एप्रिल २०२८ पासून विजेच्या मोटारीला मैलाला ३ पेन्स आणि प्लग-इन हायब्रीडला दीड पेन्स. कारण सरळ आहे. पेट्रोल विकलं गेलं नाही की पेट्रोलवरचा कर मिळत नाही, आणि रस्ते तर सगळ्यांनाच लागतात.

ही बातमी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आली आणि दोन दिवस नुसती धुमश्चक्री. (ग्रुपचं नाव सांगत नाही, निम्मी मंडळी इथे वाचायला येतात!) "आता श्वासावरही मीटर बसवा" इथपासून ते "बरंच झालं, फुकटे फिरत होते" इथपर्यंत सगळं म्हणून झालं. मला मात्र राहून राहून वाटत होतं की यात नवीन ते काय? रस्त्यावरून चालण्याचे पैसे मोजण्याच्या जितक्या तऱ्हा आहेत, त्यातल्या बहुतेक आमच्या बुलढाणा जिल्ह्याने आणि वऱ्हाडाने कधी ना कधी अनुभवल्या आहेत. ग्रुपवर दोन ओळींच्या वर लिहिलं तर कोणी वाचत नाही, म्हणून इथे लिहितोय.

सुरुवात एका शब्दापासून करतो. 'रहदारी' हा शब्द आपण रोज वापरतो. रहदारीचा रस्ता, रहदारीला अडथळा. फारसीत 'राह' म्हणजे रस्ता, 'राहदार' म्हणजे रस्त्याचा राखणदार, आणि त्या राखणदाराने वाटसरूकडून, व्यापाऱ्याकडून घ्यायची ती 'राहदारी'. म्हणजे आज ज्या शब्दाचा अर्थ वाहनांची ये-जा असा आहे, तो मुळात एक कर होता! त्याचं समर्थनही आजच्यासारखंच असे. आम्ही रस्ता राखतो, चोराचिलटांपासून तुम्हाला जपतो, तर आमचं काही द्या. गोष्ट वाजवीच आहे. अडचण अशी की थोड्या थोड्या अंतरावर नवा राखणदार उभा. औरंगजेबाने गादीवर आल्यावर राहदारी माफ केल्याची फर्मानं काढली, तरी जागोजागचे जहागीरदार ती घेतच राहिले. कर माफ झाल्याची बातमी नाक्यापर्यंत कधीच पोचत नाही, हे तेव्हापासूनचं आहे.

वऱ्हाडातला कापूस तेव्हा बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून जायचा, तोही थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत. महिनोन् महिने चालणारे तांडे, वाटेत नद्या, घाट आणि नाके. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड कंपनी सरकारकडे आला. १८६७ पर्यंत मुंबईहून रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगाव करत नागपूरला पोचली आणि १८७० साली जलंब-खामगाव हा फाटा खास कापसासाठी सुरू झाला. त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आले होते. आगगाडीच्या भाड्यात अंतराचा हिशोब उघड असतो, जितके मैल तितके पैसे. मैलागणिक पैसे मोजायची सवय आपल्या लोकांना अशी दीडशे वर्षांची आहे.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आपल्या जळगाव जामोदच्या वरती सातपुडा ओलांडला की बऱ्हाणपूर. इंग्रजांनी मिठावरचा कर चुकू नये म्हणून देशाच्या मधोमध जी जकात-रेषा आखली होती, ती या बऱ्हाणपूरवरून जात होती. पंजाबात सिंधूपासून निघून पार ओरिसाच्या अंगापर्यंत. बऱ्याच लांबीला तर काटेरी झाडांचं जिवंत कुंपण लावलेलं, आणि त्यावर सुमारे बारा हजार माणसांचा पहारा. मीठ इकडून तिकडे नेणाऱ्याला अडवायचं, एवढ्यासाठी! १८७९ साली ती रेषा मोडली. बारा हजार पहारेकऱ्यांचे पगार, त्यांची लाचखोरी आणि थांबलेल्या व्यापाराचा तोटा एवढं सगळं जमेला धरल्यावर सरकारलाही कळलं, की कर मिठागरावरच वसूल करणं स्वस्त पडतं.

हा मुद्दा लक्षात ठेवा. वाटेत माणूस अडवून कर घेण्यापेक्षा माल निघतो तिथेच घेतला तर कटकट कमी. पुढे पेट्रोलच्या बाबतीत हेच झालं.

पण नाके काही संपले नाहीत. १८५१ चा टोल कायदा इंग्रजांनी केला आणि आपल्याकडे टोलची गोष्ट निघाली की आजही त्याचं नाव निघतं. गावोगावच्या नगरपालिकांनी आपापली जकात सुरू केली. महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपालिका कायद्यात मोटार सोडून इतर वाहनांवर, नावांवर, एवढंच काय ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांवरही कर लावायची मुभा आहे. आमच्या आजोबांच्या सायकलीला मडगार्डजवळ पत्र्याचा बिल्ला होता, त्यावर वर्षाचा आकडा. वर्ष बदललं की नवा बिल्ला. बिल्ला नसला तर पालिकेचा शिपाई सायकलची हवा सोडायचा, असं आजोबा सांगायचे. सायकलने रस्त्याची अशी किती झीज होत असेल? पण बिल्ला रस्त्यासाठी नव्हताच. तो पालिकेला हाताशी सापडणाऱ्या माणसाकडून चार पैसे घेण्यासाठी होता. जकात नगरपालिकांच्या हद्दीतून १९९९ साली गेली. आमच्या गावातल्या थांब्याचं नाव मात्र अजून 'जकात नाका'च आहे. रिक्षावाल्याला दुसरं नाव सांगून बघा, तो पोचवणार नाही.

आता या गोष्टीतलं माझं आवडतं पान. मुकुंदराव जयकर. पुणे विद्यापीठात शिकलेल्यांना हे नाव जयकर ग्रंथालयामुळे माहीत असतं. ते विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, मोठे बॅरिस्टर, कायदेमंडळातले नेते. पण आपल्या देशातल्या रस्त्यांच्या पैशाची व्यवस्था ज्या समितीने लावली तिचे अध्यक्षही तेच होते, हे फार कमी लोकांना माहीत असतं. १९२७ साली नेमलेली ही समिती. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी आणि लॉऱ्या वाढल्या होत्या. बैलगाडीसाठी केलेले खडीचे रस्ते त्यांच्या चाकांखाली उखडत होते, आणि ते दुरुस्त करणं जिल्हा मंडळांच्या आवाक्याबाहेर गेलं होतं. जयकर समितीने १९२८ मध्ये अहवाल दिला. रस्ते ही आता स्थानिक बाब राहिलेली नाही, त्यासाठी वेगळा निधी हवा, आणि तो रस्ते वापरणाऱ्यांकडूनच यायला हवा, असा त्याचा गाभा. मार्च १९२९ मध्ये पेट्रोलवरचं शुल्क गॅलनला ४ आण्यांवरून ६ आणे झालं आणि वरचे २ आणे रस्ते निधीत जाऊ लागले.

यातली चतुराई बघा. नाका नाही, शिपाई नाही, बिल्ला नाही. जो जास्त फिरतो तो जास्त पेट्रोल जाळतो, म्हणून जास्त भरतो. ज्याची गाडी जड तिला पेट्रोल जास्त, आणि रस्त्याची झीजही तिच्यामुळेच जास्त. कुठून कुठे निघालात हे कोणी विचारत नाही. म्हणजे हा मैलागणिक करच होता, फक्त मीटर पंपावर होतं. शिवाय १९२९ साली मोटार ज्याच्या दारात असेल तो साहेब, संस्थानिक, नाहीतर शेठ. भरणाऱ्याला झेपणारा कर होता.

पण माझ्या मते याची सर्वांत मोठी चांगली बाजू वेगळीच आहे. पेट्रोलचा पैसा एका भांड्यात जमायचा आणि तिथून लागेल तिकडे जाऊ शकायचा. टोलनाक्याचा पैसा त्या नाक्याच्या रस्त्याला चिकटून राहतो. ज्या रस्त्यावरून दिवसाला दोन एसट्या आणि चाळीस फटफट्या जातात, तिथे टोलनाका कोण टाकेल? नाकेदाराचा पगार निघणार नाही. तसा रस्ता फक्त सामायिक भांड्यातूनच होतो.

आणि आमचा जिल्हा म्हणजे असेच रस्ते. बाहेरच्यांसाठी सांगतो, बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग, घाटावर आणि घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर घाटावर. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर घाटाखाली. घाटाखालून जुना राष्ट्रीय महामार्ग ६ जातो, आताचा ५३. बाकी सगळं जाळं जिल्हा मार्गांचं आणि गावरस्त्यांचं. डिसेंबर १९४३ मध्ये आपल्या नागपुरात देशभरच्या मुख्य अभियंत्यांची परिषद भरली होती, तिची 'नागपूर योजना' प्रसिद्ध आहे. राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्रामीण अशी रस्त्यांची वर्गवारी तिथली. शेतीच्या विकसित भागात कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून लांब असू नये, हे उद्दिष्टही तिथलंच. कागदावर छान होतं. प्रत्यक्षात आमच्याकडच्या कितीतरी गावांना पहिला धड रस्ता मिळाला तो १९७२ च्या दुष्काळात, लोकांनी रोजगारासाठी खडी फोडली तेव्हा. आमच्या आत्याच्या हातावर त्या खडीचे वण होते. रस्त्याचा कर असाही भरला जातो.

त्या दुष्काळी कामांतून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्यासाठी पैसा हवा म्हणून १९७५ साली व्यवसाय कर आला. ज्यांच्या पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात, त्यातल्या किती जणांना माहीत असतं की हे १९७२ च्या दुष्काळाचं देणं आहे? कराचं कारण विसरलं जातं, कापणं राहतं. ऑक्टोबर २०१५ मध्ये राज्याने दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लीटरमागे २ रुपये वाढवले होते. नंतर पाऊस बरा झाला, पण पेट्रोलवरचा अधिभार कमी व्हायच्या ऐवजी २०१७ मध्ये आणखी वाढला. दुष्काळ माणसांचा हटला, तिजोरीचा कधी हटत नाही!

तरी एक मान्य करायला हवं. १९९८ साली पेट्रोलवर आणि १९९९ साली डिझेलवर केंद्राने लीटरमागे १ रुपया रस्त्यांसाठी म्हणून लावला. २००० च्या केंद्रीय रस्ते निधी कायद्यात डिझेलवरच्या या उपकराचा निम्मा भाग ग्रामीण रस्त्यांसाठी ठेवला, आणि २५ डिसेंबर २००० ला सुरू झालेली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना त्याच्या बळावर उभी राहिली. घाटावरच्या खेड्यात पावसाळ्यात बाळंतिणीला बाजेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणायचे, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना त्या एका रुपयाची किंमत सांगायला नको. मुंबईच्या पंपावर ट्रकमध्ये भरलेल्या डिझेलचा पैसा मेहकरच्या खेड्यापर्यंत आला तो जयकरांच्या त्या भांड्यातून.

आता समृद्धी महामार्ग. ७०१ किलोमीटर, दहा जिल्ह्यांतून. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि ५ जून २०२५ ला शेवटचा. आमच्या जिल्ह्यातून तो सुमारे ८७ किलोमीटर जातो, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा या तालुक्यांतून. इथे टोल किलोमीटरवर आहे. जिथे चढलात आणि जिथे उतरलात तेवढ्याचेच पैसे. मोटारीला सुरुवातीला किलोमीटरला १ रुपया ७३ पैसे होते, १ एप्रिल २०२५ पासून २ रुपये ६ पैसे झाले. म्हणजे ब्रिटनमध्ये २०२८ साली जे येणार, ते सिंदखेडराजाला आधीच आलंय. फक्त आपल्याकडे विजेच्या गाडीचा हिशोब उलटा आहे. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतू या तिन्हींवर विजेच्या मोटारींना टोलमाफी जाहीर झाली. अटल सेतूवर ती २२ ऑगस्ट २०२५ पासून सुरूही झाली.

मागच्या दिवाळीत आमचा पुण्याचा भाचा नवी विजेची गाडी घेऊन आला. सगळ्यांनी चक्कर मारली. गाडी खरंच सुरेख, आवाज नाही, धूर नाही. काका (घाटाखालचे, अस्सल वऱ्हाडी) ओट्यावर बसून बघत होते. त्यांनी भाच्याला विचारलं, "काऊन रे, तुई गाडी पेट्रोल पेत नाई, मंग रस्त्याचे पैसे कोन देते?" भाच्याने धोरण समजावून सांगितलं. पर्यावरण, आयात तेल, सवलत. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे मी देतो."

सगळे हसले. पण मी रात्री बसून हिशोब मांडला. एप्रिल २०२५ मध्ये पेट्रोलवरचं केंद्राचं उत्पादन शुल्क लीटरला २१ रुपये ९० पैसे झालं, त्यात रस्ते आणि पायाभूत सुविधांचा उपकर ५ रुपये. काकांची फटफटी लीटरला ५० किलोमीटर देते असं धरू. म्हणजे त्या दराने दर किलोमीटरला ते साधारण ४४ पैसे केंद्राला देत होते, त्यातले १० पैसे रस्त्याच्या नावाचे. राज्याचा कर आणखी वेगळा. पंधराची सरासरी देणारी पेट्रोल मोटार त्या दराने किलोमीटरला जवळपास १ रुपया ४६ पैसे देत होती. भाच्याची गाडी पेट्रोलवरचा कर शून्य देते. आणि गंमत म्हणजे काकांची फटफटी समृद्धीवर चढूच शकत नाही, दुचाकींना तिथे बंदी आहे. शेताला लागून गेलेला रस्ता, पण पलीकडे जायचं तर खालच्या बोगद्यातून!

१९२९ साली पेट्रोल श्रीमंतांचं होतं. आज ते उलटं व्हायला लागलंय. ज्याला परवडतं तो विजेवर जातो, आणि पेट्रोलच्या भांड्यात भर टाकायला राहतो तो फटफटीवरचा शेतकरी, दूधवाला, शिक्षक. (विजेच्या स्कुट्या आणि ई-रिक्षा गावातही आल्यात, हे मान्य. पण रस्ता झिजवते ती जड गाडी.)

आपल्या सरकारलाही हे दिसतंय. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी ३० लाखांवरच्या विजेच्या मोटारींवर ६ टक्के कर सुचवला होता. त्याच महिन्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधान परिषदेत तो मागे घेत असल्याचं सांगितलं. विजेच्या गाड्यांना चालना द्यायचीय, हे कारण. मला ते पटतं. दिल्लीची हवा, तेलाची आयात, हे खोटं नाही. पण सवलतीवर शेवटची तारीख ठळक लिहिलेली असावी. आपल्याकडे तात्पुरता कर कायमचा होतो, तशीच तात्पुरती माफीसुद्धा.

बाहेर काय चाललंय तेही बघावं. न्यूझीलंडमध्ये डिझेल गाड्यांना १९७८ पासून किलोमीटरवर पैसे पडतात, आणि १ एप्रिल २०२४ पासून विजेच्या गाड्यांनाही, हजार किलोमीटरला ७६ डॉलर. आधी किलोमीटर विकत घ्यायचे आणि गाडीच्या मीटरवर मोजायचे, मोबाइल रिचार्जसारखं. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याने २०२१ मध्ये असाच कर लावला, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने (ते त्यांचं सर्वोच्च) तो रद्द केला, कारण असा कर लावायचा अधिकार राज्याचा नाही, केंद्राचा. आपल्याकडे सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय महामार्गांवर उपग्रहाने अंतर मोजून टोल घेण्याचे नियम आले, रोजचे पहिले २० किलोमीटर माफ धरून. ते अजून सगळीकडे लागू झालेलं नाही. उपग्रहाचं मला थोडं भय वाटतं. कुठून निघालात, कुठे चाललात, हे जुन्या राहदारीच्या परवान्यावरही सांगावं लागायचं. त्यापेक्षा न्यूझीलंडसारखं मीटर बघून पैसे घ्या. मी किती फिरलो ते विचारा, कुठे फिरलो ते नको.

तर ग्रुपवरच्या भांडणात माझं मत विचाराल तर असं आहे. किलोमीटरवर कर यायला हरकत नाही, तो आज ना उद्या येणारच. काकांनी विचारलेला प्रश्न टाळता येणार नाही. जड गाडीला जास्त, हलक्या दुचाकीला नाममात्र किंवा माफ, एवढं तर हवंच. पण खरा प्रश्न कर किती याचा नाही, तो कुठल्या भांड्यात पडतो याचा आहे. समृद्धीवर गोळा झालेला पैसा समृद्धीवरच राहणार आणि पेट्रोलचं भांडं हळूहळू रिकामं होणार, असं झालं तर ८७ किलोमीटर गुळगुळीत राहतील आणि त्यांच्या दोन्ही अंगांना असलेल्या गावांचे रस्ते पुन्हा बैलगाडीच्या काळात जातील. अर्थसंकल्पावरच्या चर्चेत टक्के आणि पैसे यांवर सगळे बोलतात, या भांड्याबद्दल मी अजून कोणाला बोलताना ऐकलं नाही.

जयकरांनी २ आणे मागितले तेव्हा सोबत ते कुठे जातील हेही लिहून दिलं होतं. नवा कर आणणाऱ्याने, मग तो दिल्लीचा असो की मुंबईचा, तेवढं केलं तरी पुरे.

असो. लांबलं बरंच. तुमच्याकडे कोणाजवळ जुना सायकलचा बिल्ला, जकातीची पावती किंवा १९७२ च्या कामाचं हजेरीपत्रक असेल तर जपून ठेवा, रद्दीत देऊ नका. या जिल्ह्यातल्या लोकांनी रस्त्याचे पैसे दिले होते, याचा तेवढाच पुरावा उरलाय.